सापडल्याचा आनंद : मराठी ख्रिस्ती साहित्यात शिरताना

१८९१च्या सुमारास पंडिता रमाबाई एक इंग्रजी आत्मवृत्त वाचत होत्या. विल्यम हॅसलम नावाच्या इंग्लिश पाळकाने ते लिहिले होते. काही वर्षे चर्चची सेवा केल्यावर, एका रविवारी स्वतःच्याच प्रवचनाच्या मध्यावर या पाळकाला उमगले की, ज्याच्याविषयी आपण लोकांना सांगतो आहोत त्याला आपण अजून भेटलेलोच नाही. रमाबाईंना ही गोष्ट आरपार लागली. इंग्लंडमधल्या वाँटेजला २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांचा बाप्तिस्मा झाला होता, म्हणजे त्याला आता आठ वर्षे होत आली होती. नेहेम्या गोऱ्ह्यांसारख्या विद्वानाशी वाद घालून, ग्रंथ पारखून, बुद्धीला पटल्यावरच त्यांनी तो घेतला होता. काहीसे समाधानही मिळाले होते. भूक मात्र उरली होती. पुढे १९०७ साली लिहिलेल्या आपल्या साक्षीत त्यांनी ही गोष्ट कसलाही आडपडदा न ठेवता सांगितली आहे : ख्रिस्ताचा धर्म हाती आला होता, ख्रिस्त भेटला नव्हता. तो भेटल्यावर जो आनंद आला, त्याविषयी ती साक्ष आहे.

या अभ्यासात पाऊल टाकणाऱ्या वाचकाला मी सगळ्यात आधी या आठ वर्षांपाशी थांबवतो. ख्रिस्ती आनंद म्हणजे काय, हा प्रश्न व्याख्येने सुटत नाही. मान्यता आणि भेट यांच्यामध्ये कधी आठ वर्षांचे, कधी आयुष्यभराचे अंतर असते, आणि ते अंतर माणसे कशी ओलांडतात हे पाहिल्यावरच त्या शब्दाला अर्थ येतो. मराठीत हे पाहण्याची सोय फार मोठी आहे. चारशे वर्षांच्या ओव्या, अभंग, आत्मचरित्रे, साक्षी, कीर्तने, १८४२पासूनचे ‘ज्ञानोदय’चे अंक असा हा ऐवज आहे. तरीही मराठी साहित्याच्या इतिहासात त्याला बहुधा एक प्रकरण मिळते, आणि तेही पुस्तकाच्या मागच्या बाजूला. लक्ष्मीबाई टिळकांचे ‘स्मृतिचित्रे’ सगळे वाचतात, पण त्या पुस्तकातल्या प्रसन्नतेचे मूळ कुठे आहे हे फार थोडे विचारतात. तो प्रश्न विचारायला मी आपल्याला बोलावतो आहे. त्यासाठी ख्रिस्ती असण्याची अट नाही. श्रद्धावंताच्या आनंदाकडे आदराने आणि तितक्याच चिकित्सेने पाहण्याची तयारी तेवढी हवी.

आधी मुळाकडे जाऊ. नवा करार ग्रीक भाषेत आहे. त्यात आनंदाला ‘खारा’ आणि कृपेला ‘खारिस’ म्हणतात, आणि हे दोन्ही शब्द एकाच धातूचे आहेत. हे भावंडपण मराठीत ऐकू येत नाही, म्हणून ते मुद्दाम सांगावे लागते. त्या लेखकांच्या कानाला आनंद हा मिळालेल्या दानाचाच नाद होता. आता लूकच्या शुभवर्तमानाचा पंधरावा अध्याय उघडा. हरवलेले मेंढरू, हरवलेले नाणे, हरवलेला मुलगा अशा तीन गोष्टी तिथे एकापाठोपाठ येतात, आणि तिन्हींचा शेवट आनंदात होतो. पण तो आनंद कोणाचा? मेंढरू आनंदले असे येशू सांगत नाही. आनंदतो तो मेंढपाळ. नाणे तर निर्जीवच. आनंदते ती घर झाडून शेजारणींना हाका मारणारी बाई. मुलगा घरी परततो तेव्हा धावत सुटतो तो म्हातारा बाप. आपण ‘खऱ्या आनंदाचा शोध’ म्हणतो तेव्हा शोधणारे आपण असतो. या तिन्ही गोष्टींत शोधणारा दुसराच आहे. आनंद मुळात देवाचा आहे, आणि जो सापडतो तो त्यात सामील होतो. माझ्या मते ख्रिस्ती आनंदाचा सगळा अभ्यास या एका उलटापालटीवर उभा आहे. रमाबाईंची आठ वर्षेही तिच्याच प्रकाशात वाचावी लागतात.

याच नव्या करारात आनंद आणि दुःख एकमेकांना घालवून देत नाहीत, हेही ध्यानात ठेवावे. पौलाचे फिलिप्पैकरांस पत्र तुरुंगातून लिहिलेले आहे, आणि आनंदाचा उल्लेख त्यात पावलोपावली आहे. योहानाच्या शुभवर्तमानात येशू शिष्यांना निरोप देताना बाळंतिणीचा दाखला देतो. तिच्या वेणा खऱ्या, आणि मूल हाती आल्यावरचा आनंदही खरा. अलीकडे काही व्यासपीठांवरून विश्वास म्हणजे नोकरी, बरकत आणि आरोग्य यांची हमी, अशी शिकवण दिली जाते. नव्या कराराच्या आनंदाशी तिचे नाते नाही, असे मी स्पष्टच म्हणतो. ज्या ग्रंथाच्या मध्यभागी वधस्तंभ आहे, त्याला हमीपत्र करता येत नाही.

आता मराठीकडे. ‘आनंद’ हा शब्द आपल्याकडे मोकळा येत नाही. सत्, चित्, आनंद या त्रयीचे ओझे आणि वैभव घेऊनच तो येतो. वेदान्तातला आनंद हे ब्रह्माचे स्वरूप आहे. तिथे दोघे उरत नाहीत. ख्रिस्ती आनंदाला निदान दोघे लागतात, कारण तो भेटीचा आनंद आहे. मग शब्द तोच वापरावा की टाळावा? इथे आपले लेखक दोन वाटांनी गेले, आणि हा मतभेद या अभ्यासातला सगळ्यात सुपीक भाग आहे. बंगालच्या ब्रह्मबांधव उपाध्यायांनी १८९८ साली त्रैक्याला सच्चिदानंद म्हणून संस्कृतात वंदन केले आणि पवित्र आत्म्याला आनंदाच्या जागी पाहिले. नारायण वामन टिळकांनी भक्तीचा सगळा शब्दसंसार निःशंकपणे ख्रिस्ताच्या पायाशी नेला. तुकारामाच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असे ते सांगत. रमाबाईंना मात्र जुन्या दर्शनांचा वास असलेले शब्द खटकत. लहानपणापासून पुराणे मुखोद्गत असलेल्या या बाईला त्या शब्दांचा भार दुसऱ्या कोणाहीपेक्षा जास्त कळत होता, आणि मूळ हिब्रू-ग्रीकवरून पवित्र शास्त्राचे साध्या मराठीत भाषांतर करण्यामागे हे एक मोठे कारण होते. टिळक बरोबर की रमाबाई, याचा निवाडा करण्याची घाई करू नका. टिळकांची वाट आनंदाला घर मिळवून देते, तर रमाबाईंची वाट त्याचा वेगळेपणा राखते. माझा स्वतःचा कल टिळकांकडे आहे. पण रमाबाईंचा आक्षेप न ऐकता त्या बाजूला झुकणारा अभ्यासक मला कच्चा वाटतो.

टिळकांच्या आधी जवळजवळ तीनशे वर्षे हाच प्रश्न एका परदेशी माणसाने हाताळला होता. इंग्लंडच्या विल्टशर परगण्यात जन्मलेला थॉमस स्टीफन्स १५७९ साली गोव्यात उतरला, साष्टीत राहिला, इथली भाषा शिकला, आणि १६१६ साली त्याचे ‘ख्रिस्तपुराण’ छापून निघाले. जवळजवळ अकरा हजार ओव्या, मराठी भाषेच्या आणि रोमन लिपीच्या. स्वर्गाला तो सरळ वैकुंठ म्हणतो. चर्चमध्ये, विशेषतः उपवासकाळात, हे पुराण पिढ्यान् पिढ्या गायले गेले. पण त्यातला आनंद वाचताना त्याच्या भोवतीची जमीनही पाहावी लागते. साष्टीतली देवळे १५६७मध्ये पाडली गेली होती. इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचे धर्मन्यायालय, १५६०पासून गोव्यात होते. जुनी पुराणे बंद झालेल्या नवख्रिस्ती माणसांना त्यांच्या जागी काहीतरी गायला हवे होते, आणि खुद्द स्टीफन्सच्या ग्रंथातच ही मागणी नोंदलेली आहे. त्या मागणीतली पोकळी ज्याला ऐकू येत नाही, त्याला ख्रिस्तपुराणाचे मोठेपणही पुरते कळणार नाही. सक्ती करणाऱ्या सत्तेच्या सावलीत एका माणसाने लोकांना त्यांच्या छंदात, त्यांच्या भाषेत आनंद परत देण्याचा प्रयत्न केला. सत्तेचा दोष त्याने धुऊन निघत नाही. पण ओव्या खऱ्या आहेत, आणि मराठीवरचे त्याचे प्रेम तर वादातीत आहे. १६८४ साली पोर्तुगीज सत्तेने स्थानिक भाषेवरच बंदीचा हुकूम काढला. ज्या भाषेत आनंद गाता येतो तीच काढून घेतली म्हणजे श्रद्धेचे काय होते, या प्रश्नावर अजून पुष्कळ काम व्हायला हवे आहे.

टिळकांची गोष्ट आगगाडीत सुरू होते. १८९३ साली राजनांदगावला जाताना डब्यात एक युरोपीय सहप्रवासी भेटला. काव्यावर बोलणे निघाले, मग धर्मावर. उतरताना त्याने नव्या कराराची प्रत हातात ठेवली आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असे सांगितले. टिळकांना त्याचे नावही पुढे कळले नाही. पुस्तक उघडल्यावर डोंगरावरील प्रवचनापाशी ते अडकले. तिथे येशू दीनांना, शोक करणाऱ्यांना, छळ सोसणाऱ्यांना ‘धन्य’ म्हणतो. बाप्तिस्मा झाला १० फेब्रुवारी १८९५ रोजी, मुंबईत. त्या दिवसाने त्यांना आनंद दिला आणि घर तोडले. दोन्ही एकदमच झाले.

आपल्याला ‘फुलामुलांचे कवी’ म्हणून टिळक शाळेत भेटतात, आणि ख्रिस्ती टिळक कोणी वेगळेच असावेत असे वाटत राहते. ही फाळणी अभ्यासकाने मोडली पाहिजे. रानातल्या फुलाशी बोलणारा आणि ‘अभंगांजली’तला भक्त ही एकच व्यक्ती आहे. ज्या कोवळिकीने ते लहान मुलाकडे पाहत, त्याच कोवळिकीने ख्रिस्ताकडे पाहत. त्याला त्यांनी आई म्हटले, सखा म्हटले, गुरू म्हटले. परदेशी चालींवर बसवलेली भाषांतरित गीते गाणाऱ्या मंडळ्यांना त्यांनी टाळ, मृदंग आणि कीर्तन दिले. ‘उपासना संगीत’ उघडून पाहिले की त्यांचा हात पानोपानी लागतो. माझ्या मते टिळकांचे खरे ईशज्ञान त्यांच्या गद्यात नाही. ते या गीतांत आहे, आणि ते गाऊनच कळते. अखेरच्या वर्षांत, १९१७ साली, त्यांनी मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ मांडला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, सगळेच ख्रिस्तभक्त तिथे बंधुभावाने बसतील अशी ती कल्पना होती. ९ मे १९१९ रोजी ते गेले आणि दरबार फार पसरू शकला नाही. पण पगार, पद, पंथ ही सगळी कुंपणे ओलांडून आनंद आपल्या माणसांत वाटावा, ही ओढ त्यात स्वच्छ दिसते. लूकच्या त्या बाईने नाणे सापडल्यावर शेजारणींना बोलावले होते. टिळकांनीही तेच केले.

आणि लक्ष्मीबाई. नवरा ख्रिस्ती झाला तेव्हा त्या माहेरच्या आश्रयाने राहिल्या, खचल्या, आजारी पडल्या. जलालपूरच्या ज्या घरात त्या वाढल्या तिथे वडिलांच्या सोवळ्याने सगळ्यांना जेरीस आणले होते. काही वर्षांनी त्या टिळकांकडे परतल्या, पण वेगळी चूल मांडून. त्यांचा बदल कोणा उपदेशकाने घडवला नाही. एका प्रवासात मनाशी विचार करता करता त्यांना वाटले : देवाने माणसे केली, मग जाती कोणी केल्या? तिथेच त्यांनी ठरवून टाकले की यापुढे कोणाच्याही हातचे खायचे, कोणाच्याही हातचे प्यायचे. बाप्तिस्मा त्यानंतरचा, १९००चा. ‘स्मृतिचित्रे’ वाचताना हा क्रम लक्षात ठेवा. त्यांच्या बाबतीत आनंद सिद्धान्तातून आला नाही. पाण्याच्या भांड्यातून, पंक्तीतून, शेजाऱ्याच्या हातून तो आला. ज्या क्षणी विटाळाची भीती गेली त्या क्षणी जग मोठे झाले. त्यांचे हसणे तेव्हापासून मोकळे होते, आणि १९३४पासून भागाभागाने प्रसिद्ध झालेल्या त्या पुस्तकाला मराठीत तोड नाही ती त्या मोकळेपणामुळे.

इथे एक सावधगिरी सांगतो. लक्ष्मीबाईंच्या विनोदाला ‘स्वभाव’ म्हणून बाजूला ठेवण्याची आपल्या समीक्षेला सवय आहे. त्यांचे आयुष्य पाहा. टिळक हातातले पैसे, अंगावरचे कपडे, घरातले धान्य कोणालाही देऊन टाकणारे. वियोगाची वर्षे, मुलांचे मृत्यू, मग वैधव्य, आणि परक्या शहरात जगण्याची खटपट. नुसता खेळकर स्वभाव एवढ्याला पुरत नाही. जवळजवळ निरक्षर अवस्थेत संसाराला लागलेल्या या बाईने टिळकांनी अपुरे ठेवलेले ‘ख्रिस्तायन’ हे ख्रिस्तचरित्राचे काव्य हाती घेतले आणि अध्यायामागून अध्याय लिहीत पुढे नेले. ‘स्मृतिचित्रे’ आणि ‘ख्रिस्तायन’ एकाच मेजावर ठेवून वाचल्याशिवाय लक्ष्मीबाई पुऱ्या कळत नाहीत. पहिल्यात आनंद दिसतो, दुसऱ्यात तो कोणाकडून आला ते दिसते.

रमाबाईंकडे परत यायला हवे, कारण त्यांच्याइतके गमावलेले माणूस या साहित्यात दुसरे नाही. १८७४च्या सुमाराच्या दुष्काळात आईवडील उपासमारीने गेले, बहीण गेली. १८८०मध्ये भाऊ, १८८२मध्ये पटकीने नवरा. १८९१नंतर त्यांनी जे केले ते या यादीसमोर ठेवून वाचावे. १८९६चा दुष्काळ पडला तेव्हा त्या मध्य प्रांतात गेल्या आणि रस्त्यावर पडलेल्या मुली-बायकांना घेऊन आल्या. आपले आईवडील ज्या मरणाने गेले, त्या मरणाच्या तोंडात त्या परत शिरल्या. पुणे-सोलापूर लोहमार्गावरच्या केडगावच्या माळावर विहिरी खोदल्या गेल्या, शेत उभे राहिले, माग, घाणा आणि छापखाना आला, अंधांसाठी ब्रेल आले. नाव ठेवले ‘मुक्ती’. १९०५ साली तिथे प्रार्थनेची जी लाट उठली, तिच्या वर्णनांत रडणे, गाणे आणि हसणे एकत्र येते. ही वर्णने काहींना अवघड वाटतात. रमाबाईंच्या विद्वत्तेचे कौतुक करणारे चरित्रकार या पानांवरून भरभर पुढे जातात. माझी विनंती आहे की तुम्ही तिथे थांबा. ज्या मुलींना आयुष्यात कोणी नावाने हाक मारली नव्हती, त्यांना आपण देवाला हव्या आहोत असे पहिल्यांदा वाटले, तर त्यांनी शांत बसून राहावे अशी अपेक्षा कशी करायची?

या अभ्यासाचा एक मोठा भाग पुस्तकांत नाहीच. अहमदनगर जिल्ह्यातल्या गावागावांतून, गावकुसाबाहेरच्या वस्त्यांतून जी माणसे ख्रिस्ती झाली, त्यांनी आत्मचरित्रे लिहिली नाहीत. त्यांनी भजने म्हटली. त्यांच्या आनंदात माणूस म्हणून ताठ उभे राहण्याचा आनंद मिसळलेला होता, आणि तो ‘खरा धार्मिक’ नाही असे म्हणण्याचा हक्क मला कोणाचाच वाटत नाही. हरेगावला मतमाउलीच्या यात्रेत जाऊन पाहा. वसईत नाताळच्या आधीचा आगमनकाळ पाहा. तिसऱ्या रविवारी जांभळ्या रंगाच्या जागी गुलाबी येतो, कारण तो आनंदाचा रविवार. जगभरच्या कॅथलिक चर्चची ही रीत आहे, पण वसईच्या बोलीत ती ऐकणे वेगळे. फादर फ्रान्सिस दिब्रिटोंनी याच मातीतून उठून ‘सुबोध बायबल’ मराठीला दिले.

वाचायला कुठून सुरुवात करावी, असे विद्यार्थी विचारतात. ‘स्मृतिचित्रे’ आधी, एकही पान न गाळता. मग रमाबाईंची साक्ष. ती लहान आहे, एका बैठकीत होते. त्यानंतर बाबा पदमनजींचे ‘अरुणोदय’. १८५७मध्ये ‘यमुनापर्यटन’ लिहून विधवांचे दुःख मराठी कादंबरीत आणणाऱ्या या लेखकाने स्वतःच्या मनातली वर्षांची घालमेल तिथे उलगडली आहे. ख्रिस्तपुराण शेवटी घ्या, आणि मोठ्याने वाचा. ओवी डोळ्यांनी वाचायची नसते. टिळकांसाठी मात्र पुस्तक पुरणार नाही. एखाद्या रविवारी नगरकडच्या कुठल्याही लहान मंडळीत मागच्या बाकावर जाऊन बसा. पेटी आणि टाळ सुरू होतील. कोणी तुम्हाला कोण, कुठले विचारले तर अभ्यासाला आलो आहे असे खरे सांगा. जागा करून देतील.

लूकच्या तिसऱ्या गोष्टीत एक थोरला भाऊही आहे. घरातून वाजंत्री ऐकू येते आहे आणि तो अंगणात उभा आहे. बाप बाहेर येऊन त्याची समजूत घालतो. तो आत गेला की नाही, हे लूक सांगत नाही. या साहित्याचा अभ्यास अंगणात उभे राहूनही करता येतो आणि आत बसूनही. मी आत बसून करतो, हे वाचकाला माहीत असावे.

रमाबाईंची एकुलती एक मुलगी मनोरमा १९२१मध्ये गेली. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई गेल्या. त्यांचे पवित्र शास्त्र १९२४मध्ये केडगावच्या छापखान्यातून बाहेर पडले. त्याचे खिळे ‘मुक्ती’तल्या बायकांनी आणि मुलींनी जुळवले होते.